अर्धा धवला

बुधवारी मला फोन करायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बुधवार म्हणजे संग्रहालयात शाळांचा दिवस. सकाळी बस येते, दार उघडतं आणि पोरं जी आत घुसतात, ती थेट होडीत चढायला धावतात. दुसरीकडे असते तशी ‘हात लावू नका’ची पाटी आमच्याकडे नाही. आमच्याकडे पाटी आहे, ‘हात लावून बघा’. ही कल्पना संघमित्रा मॅडमची. त्या आमच्या प्रमुख. हुशार बाई आहेत, मनानेही चांगल्या, पण कल्पना त्यांची आणि पोरांच्या मागे धावायचं मी. मी संध्या. पदाने शिक्षण सहायक, कामाने पडेल ते.

नेरूळमध्ये, सारसोळे गावाच्या अलीकडे, एका ट्रस्टचं हे छोटंसं संग्रहालय आहे. बिल्डिंगा यायच्या आधी इथे काय होतं ते पोरांना दाखवायचं. होडी, जाळी, मिठागरातली फावडी, भात कांडायचं मुसळ आणि एका कोपऱ्यात आगरी लग्नाचा मांडव. सोसायटीतली पोरं सगळं बघतात आणि मला विचारतात, “मॅम, हे लोक आता कुठे राहतात?” मी म्हणते, “एक तुझ्यासमोर उभी आहे, बाळा. फोटो काढायचा तर काढ.”

मांडवाच्या कोपऱ्यात माझी सासू बसते. मालतीबाई. ती धवलारीण आहे. म्हणजे काय, हे प्रत्येक बुधवारी सांगून माझं तोंड दुखतं, तरी परत सांगते. आमच्यात पूर्वी लग्न लावायला भटजी नसायचा, धवलारीण असायची. ती धवला गायची. गाण्यातच गावोगावचे देव एकेक करून मांडवात बोलवायचे, त्यांना पाट द्यायचा, पाय धुवायला पाणी द्यायचं. सगळे आले की त्यांच्यासमोर नवरा-नवरीचं लग्न लावायचं. आणि मग एकेका देवाला पानसुपारी देऊन परत त्याच्या जागेवर पोचवायचं. बोलावलेला पाहुणा जसा आपण दारापर्यंत सोडतो, तसं. लिहून ठेवलेलं कुठे काही नाही, सगळं तोंडी. आता भटजी आले, डीजे आले, पण मांडवात धवलारीण लागतेच. नियम दोनच, गाणं सुरू झालं की नवरा-नवरीने पाटावरून उठायचं नाही आणि धवला अर्धा सोडायचा नाही.

आईंना, म्हणजे सासूला मी आईच म्हणते, मागच्या पावसाळ्यापासून विसरायला व्हायला लागलं. आधी गॅस चालू राहायचा. मग शेजारणीचं नाव आठवेना. मग एकदा माझा नवरा रूपेश न्हावा शेव्याहून ड्युटी संपवून आला, तर त्याला म्हणाल्या, “तुजा बापूस अजून नाय आयला?” सासरे जाऊन किती वर्षं झाली. रूपेश हातपाय धुवून जेवायला बसला.

डॉक्टर म्हणाले, हे थांबत नाही, हळू करता येतं. त्यांना जे येतं ते करायला लावा, माणसांत ठेवा. म्हणून मी त्यांना बुधवारी संग्रहालयात न्यायला लागले. माझा स्वार्थ होता, उगाच खोटं कशाला बोलू? वैशाखात उन्नतीचं लग्न आहे. उन्नती माझी एकुलती एक, महाप्याला आयटी कंपनीत आहे, मुलगा दिपेश उरणकडचा. आणि उन्नती पाळण्यात होती तेव्हापासून आईंचं एकच पालुपद, “हिचा धवला मी गानार.” हॉल, कॅटरर, सोनं, कशाचंच मला काही पडलं नव्हतं. वैशाखापर्यंत आईंचा धवला टिकावा, एवढंच हवं होतं. रोज कोणीतरी विचारलं, रोज जीभ हलली, तर राहील ना आत? मला आपलं असं वाटायचं.

त्यांची जोडीदारीण होती धाकलीबाय. धवला दोघींनी गायचा असतो, एक पुढे, एक मागे. एक अडखळली तर दुसरी ओढून नेते. धाकलीबाय दिवाळीत गेली. मला धवला येत नाही असं नाही, पण माझं माहेर पेणकडचं. आमच्या गावचा धवला वेगळा, देव वेगळे, चालही वेगळी. मी एकदा आईंच्या मागे गायला बसले तर म्हणाल्या, “तुज्या गावचे देव माज्या मांडवात नको आनू, मारामारी करतील.” हसून हसून पुरेवाट झाली होती त्या दिवशी.

संग्रहालयात मात्र आई धवला कधी गायल्या नाहीत. हळदीची गाणी म्हणायच्या, पोरांकडून तांदूळ कांडून घ्यायच्या, एखाद्या पोराच्या नाकाला हळद लावायच्या. धवला म्हटलं की सरळ नाही. “लगीन नसताना देवांना बोलवून त्यांना काय सांगू? पोरांना मजा बघाची होती?” संघमित्रा मॅडमनी दोन-तीनदा विचारून बघितलं, भातुकलीच्या बाहुल्या मांडून बघितल्या. आई म्हणाल्या, “भावल्यांना धवला नाय लागत, बाय.” विषय संपला.

मग शिक्षकांची कार्यशाळा ठरली. आसपासच्या शाळांतले परिसर अभ्यास शिकवणारे शिक्षक येणार, सोबत एका शाळेचा पाचवीचा वर्ग. पोरांसमोर प्रत्यक्ष करून दाखवायचं आणि शिक्षकांनी ते बघून आपापल्या वर्गात शिकवायचं. मॅडम मला म्हणाल्या, “संध्या, शिक्षकाने एकदा स्वतः ऐकलं ना, की पुढची वीस वर्षं तो पोरांना सांगत राहतो. एकदा विचारून तर बघ.”

मी म्हटलं, नाहीच म्हणणार त्या. तरी घरी येऊन विचारलं. आई निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, “गाईन की. त्याच्यासाठीच त थांबलीय मी.”

मला काय आनंद झाला! पाय जमिनीला लागेनात. रूपेशला म्हटलं, बघ, फरक पडतोय, आई स्वतःहून तयार झाल्या. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. जी बाई इतके दिवस खोट्या लग्नात देवाचं नाव घेत नव्हती, ती एका शब्दावर तयार कशी झाली? पण माणसाला जे हवं असतं ते समोर आलं की ते उलटून पालटून कोण बघतं?

कार्यशाळेच्या सकाळी आईंनी उन्नतीच्या लग्नासाठी घेतलेलं नवंकोरं लुगडं नेसायला काढलं. मी म्हटलं, “आई, ते लग्नाचं आहे ना?”

“मंग?” त्या म्हणाल्या. मला वाटलं, असू दे, त्यांचाही मान आहे. मी स्वतः त्यांच्या अंबाड्यात फुलं माळली.

संग्रहालय गच्च भरलं होतं. शिक्षक मागे खुर्च्यांवर, पोरं पुढे सतरंजीवर. वर्गशिक्षिका अरुणा मॅडम, कडक इस्त्रीच्या बाई, पोरांना डोळ्यांनीच गप्प करणाऱ्या. आंब्याच्या डहाळ्या लावून मांडव हिरवागार केला होता. नवरा-नवरी कोण होणार, म्हटल्यावर पोरांत खसखस पिकली. मनाली नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली. मुलग्यांत कोणी तयार होईना, तेव्हा सुयशला सगळ्यांनी ढकललं. कागदी बाशिंगं बांधली, दोघं पाटावर बसली. शिक्षकांचे मोबाइल वर झाले.

आईंनी हातात तांदूळ घेतले, डोळे मिटले आणि गायला लागल्या.

*मांडव घातिला गो हिरव्या पानांचा,*
*पयला मान गो गावच्या देवाचा.*

काय सांगू तुम्हाला! आवाज तोच, मांडवाच्या कापडातून आरपार जाणारा. चुळबुळणारी पोरं गप्प झाली. संघमित्रा मॅडमनी माझा हात दाबला. गावदेव आला, त्याला पाट दिला. खाडीलगतच्या खारीतला राखणदार आला. बंदरावरची आई आली, डोंगरावरची आली, तिला पाय धुवायला पाणी दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी. मी मनात म्हणत होते, वैशाख गाठला, बाई, वैशाख गाठला.

आता देव पुरे झाले, आता नवरीच्या हातात हात द्यायचा, एवढं मला ऐकून ऐकून ठाऊक होतं. आईंनी श्वास घेतला.

*मांडव घातिला गो हिरव्या पानांचा,*
*पयला मान गो गावच्या देवाचा.*

मला वाटलं, ध्रुवपद असेल. पण परत पाट दिला, परत राखणदार आला, परत बंदरावरची आई. तीच पायरी आली, तोच श्वास घेतला आणि परत मांडव घातला. मागचे शिक्षक अजून मान डोलवत होते. त्यांना काय कळणार? त्यांना गाणं असंच असेल असं वाटलं. मला मात्र कळलं, पुढचं त्यांना आठवत नाहीये.

पुन्हा. आणि पुन्हा. देव येत होते, एकही परत जात नव्हता.

पोरं चुळबुळायला लागली. मोबाइल खाली आले. अरुणा मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मॅडम, हे अजून किती वेळ चालेल? आमची बस बाहेर थांबलीय.”

“होईलच,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मी आईंच्या मागे जाऊन बसले, धाकलीबायच्या जागेवर. त्या पायरीपाशी आल्या की पुढची ओळ मी द्यायची, असं ठरवलं. पण पुढची ओळ मला कुठे येत होती? मी माझ्या माहेरची ओळ पुढे सरकवली, कसनुशा आवाजात. आई थांबल्या. माझ्याकडे वळून अशा बघायला लागल्या, की कोण ही बाई आणि हिला मांडवात कोणी घेतली? मग मान झटकली आणि परत गावदेवापासून सुरुवात केली. एक शिक्षक हळूच म्हणाले, “यूट्यूबवर नसेल का?” मला असा राग आला! आमच्या सारसोळ्याचा धवला यूट्यूबवर असता तर मी इथे अशी बसले असते का?

सुयश तोवर कंटाळला होता. तो उठायला लागला. आईंनी गाणं न थांबवता त्याचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. “उठाचा नाय. झाला नाय अजून.” पोरं फिस्सकन हसली. मनाली मात्र हसली नाही. ती घाबरली होती. तिचं बाशिंग एका बाजूला सरकलं होतं. आईंनी ते नीट केलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “रडू नको, उन्नती. थोराच राहिला.”

लुगडं, फुलं, एका शब्दावर दिलेला होकार, सगळं एकदम कळलं. त्या पोरांना शिकवायला आल्याच नव्हत्या. त्या नातीच्या लग्नाला आल्या होत्या.

“आई, ही उन्नती नाय,” मी हळूच म्हटलं. “ही शाळेतली पोर आहे.” पण त्यांना ऐकू जाईना, का जाऊ द्यायचं नव्हतं, देव जाणे. त्या गातच राहिल्या. आता आवाज चिरकायला लागला होता. त्याच पायरीपाशी येऊन त्यांचे ओठ नुसते हलायचे, डोळे मांडवाच्या छताकडे जायचे, काहीतरी शोधायचे. आत कुठेतरी त्यांनाही कळत होतं, की पुढे काहीतरी आहे. ते बघवत नव्हतं. मध्येच थांबवायचं तर तो धवला अर्धा राहतो, आणि तो दोष आईंच्या जिवाला लागतो. न थांबवावं तर ती पोर रडकुंडीला आलेली. संघमित्रा मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. एवढ्या शिकलेल्या, एवढी पुस्तकं वाचलेल्या, त्यांच्याही हातात काही नव्हतं.

शेवटी मनाली रडायला लागली. अरुणा मॅडम पुढे आल्या. त्यांना दोष देत नाही मी, त्यांच्या वर्गाची पोर होती. त्यांनी मोठ्याने म्हटलं, “खूपच छान! मुलांनो, आजींसाठी जोरदार टाळ्या!”

पोरांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनीही वाजवल्या. टाळ्यांच्या कडकडाटात आईंचा आवाज बुडाला. सुयश बाशिंग फेकून पळाला, मनालीला मैत्रिणींनी घेरलं, बाहेर वडापाव होते, तिकडे झुंबड उडाली. दोन मिनिटांत पाट रिकामे. आईंच्या मुठीत तांदूळ तसेच होते. त्या रिकाम्या पाटांकडे बघत बसल्या होत्या.

“नवरा-नवरी कुठं गेली?” त्यांनी मला विचारलं.

“गेली, आई. झालं सगळं.”

“अक्षता टाकल्या?”

“टाकल्या,” मी म्हटलं. त्यांनी मूठ उघडून तांदूळ बघितले आणि पुन्हा मिटली.

रिक्षात त्यांनी ती मूठ सोडली नाही. घरी आल्यावर लुगडं सोडलं नाही, चहाला नको म्हणाल्या, ओटीवर भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी आपली भाजी चिरत होते आणि स्वतःलाच समजावत होते. थकल्यात, झोप झाली की विसरतील. विसरण्याचा आजार आहे ना, मग हेही विसरायला नको का? पण हा आजारही मेला लबाड. जे राहायला हवं ते पुसतो आणि जे पुसायला हवं ते ठेवतो.

संध्याकाळी उन्नती ऑफिसमधून आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग. “आजी, कसा झाला तुझा प्रोग्राम?” असं ओरडतच ती ओटीवर चढली.

आई ताडकन उभ्या राहिल्या. रंग उडाला तोंडावरचा. “तू कशाला आयलीस गो?”

“कशाला म्हणजे? घरी आले.”

“आजच त पाठवली तुना सासरी. सकाळी लगीन लावला मी.” त्यांनी उन्नतीचे दोन्ही दंड धरले, तोंड निरखून बघितलं, कुठे मार लागलाय का ते बघितलं. “काय केला त्यांनी? कोन काय बोलला? सांग मना. कोन बोलला?”

उन्नतीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मलाच कळलं नाही.

“आजी, मी परत आले नाय. मी अजून गेलेच नाय. लग्न वैशाखात आहे ना?”

“मना येडी समजतंस?” आई म्हणाल्या. मग त्यांनी हळूहळू तिचे दंड सोडले. हात उघडून बघितला. ते तांदूळ अजून तळहाताला चिकटलेले होते. “माजाच धवला अर्धा राहिला,” त्या म्हणाल्या. “देव तसंच मांडवात बसून रायले. त्यांना वाटंला लावला नाय मी. म्हनून माजी पोर पहिल्याच दिशी परत आयली.” आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

असं रडताना मी त्यांना सासरे गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, आई, ते खोटं लग्न होतं, संग्रहालयातलं, पोरांना दाखवायचं. उन्नती म्हणाली, आजी, मी सुखात आहे गं. मी दिपेशला फोन लावून दिला. तो बिचारा तिकडून म्हणाला, आजी, काही झालेलं नाय, सगळं चांगलं आहे. आईंनी फोन माझ्या हातात परत दिला. “आथा गोड बोलतोय,” त्या म्हणाल्या.

खरं सांगितलं तरी पटत नव्हतं आणि खोटं सांगायला काही उरलं नव्हतं.

मग आईंनी डोळे पुसले, आतून पाट आणला आणि ओटीच्या मधोमध मांडला. “बस,” उन्नतीला म्हणाल्या. “आथा पुरा करते.”

उन्नतीने बॅग खाली ठेवली आणि पाटावर बसली, तशीच, गळ्यात ओळखपत्र घेऊन. आईंनी उरलेले तांदूळ मुठीत घेतले, डोळे मिटले. मांडव घातला. गावदेव आला, राखणदार आला, बंदरावरची आई आली. मी गॅस बंद केला आणि त्यांच्या मागे जाऊन बसले. डोंगरावरची आई आली, तिला पाणी दिलं. मग आईंनी श्वास घेतला, आणि त्यांचे ओठ नुसतेच हलले. त्या माझ्याकडे वळल्या. या वेळी त्यांनी मला ओळखलं होतं.

“संध्या,” त्या म्हणाल्या, “फुडं काय गो?”

उन्नतीही माझ्याकडे बघत होती. मला येत नव्हतं.